शंभरपैकी अकरा

‘अकरा,’ सबनीस वकील म्हणाले. ‘शंभरपैकी फक्त अकरा, मॅडम.’

सबनीस म्हणजे कंपनीचे वकील, पुण्याहून खास गाडी करून आलेले. त्यांनी लॅपटॉप फिरवून आयोगाच्या अध्यक्षाबाईंसमोर धरला. पडद्यावर एक हिरवी रेघ होती, जवळजवळ सपाट. ती रेघ म्हणजे मी. सोळा महिन्यांपूर्वी एका दुपारी मी केलेल्या फोनमधला माझा आवाज.

‘आमची प्रणाली फोन करणाऱ्याच्या आवाजातली भीती, ताण, घाई मोजते,’ ते म्हणाले. ‘आकडा साठच्या वर गेला की रुग्णवाहिका ताबडतोब सुटते. तिसाच्या खाली असला की फोन रांगेत जातो. तक्रारदार बाईंचा आकडा अकरा आला. आता, नवऱ्याच्या छातीत दुखत असताना बायको कशी बोलेल, हे आयोगानंच ऐकून ठरवावं.’

आणि त्यांनी बटण दाबलं.

सांगलीच्या जिल्हा ग्राहक आयोगाच्या त्या खोलीत माझा आवाज वाजायला लागला. ‘नमस्कार, छाया मगदूम बोलतेय. कार्ड नंबर लिहून घ्या. रुग्ण पुरुष, वय एकसष्ट. छातीत डाव्या बाजूला दुखतंय, दहा मिनिटं झाली. घाम सुटलाय, हाताला मुंग्या येतायत. शुद्धीवर आहेत. पत्ता विश्रामबाग, पाण्याच्या टाकीमागची पिवळी इमारत. तिसरा मजला, लिफ्ट नाही, स्ट्रेचर लागेल. दोन माणसं उचलायला पाठवा.’

बाई वाण्याकडं यादी सांगतायत असंच वाटावं. माझं मलाही वाटलं. मागच्या बाकावर माझी नणंद बसली होती, पद्मावतीअक्का. त्यांनी मोठा सुस्कारा सोडला, सगळ्यांना ऐकू जाईल असा. त्या माझ्या बाजूनं आल्या नव्हत्या. भावाच्या मरणाची केस आहे, म्हणून ऐकायला आल्या होत्या.

या गोष्टीला आता सहा वर्षं झाली. कंपनीचं नाव मी घेत नाही, माझ्या वकीलबाईंनी तशी ताकीद दिलेली आहे. पण आजही कुणी मला ‘शांतपणे घ्या’ म्हणालं की माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते.

मी सत्तावीस वर्षं महापालिकेच्या अग्निशमन दलात नियंत्रण कक्षात होते. एकशे एकवर फोन आला की उचलायचा, काय पेटलंय, कुठं पेटलंय, आत कोण आहे, एवढं विचारून गाडी सोडायची. नोकरीला लागले तेव्हा आमच्या जमादारांनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, कॉल जेवढा वाईट तेवढं सावकाश बोलायचं. आपला आवाज चढला की समोरच्याचा चढतो, आणि ओरडणारा माणूस पत्ता सांगत नाही. ते माझ्या अंगात इतकं मुरलं की घरात दूध उतू गेलं तरी मी ‘गॅस बंद करा’ हे बातम्या दिल्यासारखं सांगायची. मगदूम त्यावरून माझी चेष्टा करायचे. मगदूम म्हणजे माझे यजमान, भूपाल मगदूम. ऑफिसातल्या सवयीनं मी त्यांना आडनावानंच हाक मारायची.

आणि ऐकायचं कसं तेही मी तिथंच शिकले. एकदा एक बाई हंबरडा फोडून गाडी मागत होती. गाडी गेली, तर तिचं मांजर शेजारच्या पत्र्यावर चढून बसलेलं. आणि एकदा एक म्हातारे गृहस्थ भाजीचा भाव विचारावा तसं म्हणाले, ‘बाई, खोलीत धूर भरलाय आणि मला कडी सापडेना.’ दोन्ही वेळा मी गाडी शब्दांवर सोडली, सुरावर नाही. सुरावर सोडली असती तर ते म्हातारबाबा तिथंच गेले असते.

त्या दिवशी दुपारी सव्वातीनला मगदूम कॉटवर बसल्या बसल्या आडवे झाले. पैरणीला हात लावला तर ओली. मला तेव्हा निवृत्त होऊन सात महिने झाले होते. निवृत्तीच्या वेळी आम्ही दोघांनी त्या कंपनीचं कार्ड काढलं होतं. त्यावर लिहिलं होतं, एक फोन, पंधरा मिनिटांत हृदयविकाराची साधनं असलेली गाडी दारात. त्यांची गाडी कॉलेज कॉर्नरला उभी असायची, आमच्या घरापासून चालत गेलं तरी दहा मिनिटं. म्हणून मी तिथं फोन लावला. माझी सगळी माहिती सांगून झाल्यावर रेकॉर्ड केलेला आवाज आला, ‘आपली विनंती स्वीकारली आहे. वाहन आपल्याकडे येत आहे.’

मी निर्धास्त झाले. इथं माझं चुकलं, आणि ही चूक आमच्या खात्यातल्या माणसाच्याच हातून व्हायची. आमच्याकडं गाडी निघाली म्हटलं म्हणजे निघाली. गाडी निघाल्याशिवाय तो शब्द तोंडातून काढायचा नाही, काढला तर नोकरी गेली. नियंत्रण कक्षातून कुणी खोटं सांगेल, हे माझ्या स्वप्नातही येणं शक्य नव्हतं. मी दार उघडून ठेवलं, जिन्यातल्या सायकली शेजाऱ्यांना बाजूला करायला लावल्या, मगदूमांना ॲस्पिरिनची एक गोळी चघळायला दिली आणि उशाशी बसले. त्यांनी माझा हात धरला.

नऊ मिनिटं झाली तरी सायरन नाही. मी परत फोन लावला. या वेळी एक मुलगी बोलली. तिच्याशी बोलणं झाल्यावर मी आमच्या जुन्या कक्षात शिकलगारला फोन केला. त्यानं एक शब्द न विचारता महापालिकेची रुग्णवाहिका सोडली. ती सात मिनिटांत आली. पण मिरजेच्या वाटेवर, हॉस्पिटलचं फाटक दिसायला लागलं आणि मगदूम गेले. डॉक्टर म्हणाले, पंधरा मिनिटं आधी आणलं असतं तर. असं डॉक्टरांनी बोलू नये. पण ते बोलले आणि ते माझ्या कानात बसलं.

कंपनीची गाडी आली ती अडतीस मिनिटांनी. खाली उभी राहून हॉर्न वाजवत होती, असं शेजारी सांगतात.

मी कंपनीला तक्रार लिहिली. दोन महिन्यांनी उत्तर आलं, छान जाड कागदावर. ‘फोन करणाऱ्या व्यक्तीच्या आवाजात भीती अथवा तणाव आढळला नाही. भावनिक तीव्रता शंभरपैकी अकरा. त्यानुसार प्राधान्यक्रम योग्यच होता.’ नेमक्या त्या दिवशी अक्का घरी जेवायला आल्या होत्या. त्यांनी चष्मा लावून ते पत्र दोनदा वाचलं.

‘अकरा?’ त्या म्हणाल्या. ‘माझा भाऊ चाललाय आणि तुझं अकरा?’

‘अक्का, ते मशीनचं आहे.’

‘मशीनचंच आहे. मशीनला कुठं तुझ्याशी वैर आहे? आणि तू रडलीस कधी गं? हॉस्पिटलात सगळी रडत होती, तू फॉर्म भरत होतीस.’

फॉर्म मी नसता भरला तर कुणी भरला असता, हे मी विचारलं नाही. त्यांनी ताटावरून उठून हात धुतले. त्यानंतर त्या माझ्या घरी पाण्याचा घोटही घेईनात. नात्यात ते पत्र किती जणांना तोंडपाठ झालं कुणास ठाऊक. लग्नात बायका माझ्याकडं बघून कुजबुजायच्या. मी कुणाला काही पटवायला गेले नाही. मी घाबरले होते याचा पुरावा मी कुणाला द्यायचा, आणि का? माझाही ताठा काही कमी नाही.

पण तो कागद मला डाचत राहिला. तो खोटा ठरल्याशिवाय मला मरायचं नव्हतं. शेवटी मी रेहाना मुजावर वकीलबाईंकडं गेले. तिशीतल्या, बोलायला तिखट. सगळी कागदपत्रं वाचून त्यांनी कार्ड टेबलावर आपटलं.

‘काकू, यात कुठं लिहिलंय की भीतीवर गाडी मिळेल? पंधरा मिनिटांत गाडी, एवढंच लिहिलंय. ही सरळ सरळ सेवेतली त्रुटी आहे. आणि न सांगता लोकांचा आवाज तपासून कुणाला आधी आणि कुणाला मागं हे ठरवणं, ही अनुचित व्यापारी प्रथा आहे. दोन्ही मुद्दे घालू.’

मध्यंतरी कंपनीनं तडजोडीचं विचारलं. रक्कम चांगली होती, अट एकच, की कुठं बोलायचं नाही. मी सबनीसांना म्हटलं, ‘मला रक्कम नको. तो आकडा खोडून द्या.’ ते हसले. म्हणाले, ‘बाई, आकडा कसा खोडणार? तो मोजलेला आहे.’

तर त्या शेवटच्या सुनावणीला मी बसले होते आणि माझा आवाज वाजून संपला होता.

रेहानाबाई उठल्या. ‘मॅडम, फोनमध्ये छातीत दुखणं, घाम, हाताला मुंग्या, तिन्ही लक्षणं सांगितलेली आहेत. शाळेतलं पोरही ओळखेल की हा हृदयविकार आहे. यांच्या प्रणालीनं ते शब्द ऐकलेच नाहीत, फक्त सूर ऐकला.’

‘शब्द कुणीही बोलू शकतो,’ सबनीस म्हणाले. ‘लोक ताप आला तरी छातीत दुखतंय म्हणून गाडी मागवतात. भावना खोटी आणता येत नाही, म्हणून ही प्रणाली. आणि ग्राहकानं संमती दिलेली आहे, करारातलं कलम चौदा.’

‘कलम चौदा मुंगीच्या अक्षरात आणि इंग्रजीत आहे,’ रेहानाबाई म्हणाल्या. ‘त्यात लिहिलंय, सेवा सुधारण्यासाठी आवाजाचं विश्लेषण केलं जाईल. नवरा मरतोय की नाही हे बायकोच्या किंचाळण्यावरून ठरेल, असं लिहिलेलं नाही.’

अध्यक्षाबाईंनी माझ्याकडं पाहिलं. ‘तक्रारदारांना काही सांगायचंय?’

मी उभी राहिले. आवाज, मेला, नेहमीसारखाच सपाट.

‘मॅडम, मी सत्तावीस वर्षं असेच फोन घेतलेत. रोज कुणाचं ना कुणाचं घर जळत असायचं. मी एकालाही म्हटलं नाही की आधी घाबरून दाखवा. माणूस मदत मागतो तेव्हा काय झालंय ते विचारायचं असतं, त्याला किती वाटतंय ते नाही. आम्ही या लोकांना गाडीसाठी गाठलं होतं. माझ्या मनात काय चाललंय ते मोजायला यांना कुणी बोलावलं होतं? आणि मोजलं ते मोजलं, वर कागदावर छापून माझ्या घरी पाठवलं. माझा नवरा मेला आणि यांनी मला गुण दिले.’

सबनीस कागद चाळत होते.

‘आणि दुसरा फोन?’ अध्यक्षाबाईंनी विचारलं.

आता हे सांगायला हवं. माझ्या मोबाइलवर त्या दुपारचे दोन फोन दिसत होते. कंपनीनं नोंद दिली ती एकाचीच. दुसरी तांत्रिक कारणानं उपलब्ध नाही, असं तीन तारखा चाललं होतं. मागच्या तारखेला अध्यक्षाबाई वैतागल्या आणि म्हणाल्या, एक तर नोंद आणा, नाहीतर ती अस्तित्वात नाही असं तुमच्या अधिकाऱ्यानं शपथेवर लिहून द्यावं, खोटं निघालं तर तुरुंगात जायची तयारी ठेवून. तसं लिहून द्यायला कंपनीत एकही माई का लाल निघाला नाही. मग नोंद आपोआप सापडली.

सबनीसांनी ती अगदी नाखुशीनं लावली. आधी पंख्याची घरघर आली. मग कुणाचा तरी श्वास, जड, तुटक. तो मगदूमांचा होता. मागच्या बाकावर अक्कांनी तोंडाला पदर लावला.

‘ताई, मी ऋतुजा बोलतेय,’ मुलीचा आवाज आला. ‘तुमची गाडी अजून सुटलेली नाही. तुम्ही रांगेत सातव्या आहात.’

‘गाडी येत आहे असं सांगितलंत ना मघाशी?’

‘ते सगळ्यांनाच वाजतं, ताई. मशीननं तुम्हाला हिरव्यात, म्हणजे घाई नसलेल्यांत टाकलंय, मला ते बदलता येत नाही. ऐका माझं. मी फोन ठेवते. तुम्ही लगेच परत लावा आणि ओरडा. जोरात रडा. मग एका मिनिटात गाडी सुटते. आता सगळे तेच करायला लागलेत.’

पंख्याची घरघर. श्वास.

‘मला नाही जमायचं,’ माझा आवाज म्हणाला.

‘ताई, तुमच्या पाया पडते. खोटं खोटं रडा. अर्धा मिनिट.’

‘नाही जमायचं, बाळ. ते माझ्याकडं बघतायत.’

‘मग बाजूच्या खोलीत जा.’

‘त्यांनी हात धरलाय. मी ओरडले तर त्यांना कळेल.’

मग फोन ठेवल्याचा आवाज आला.

मगदूम घाबरट माणूस. इंजेक्शनची सुई दिसली की डोळे मिटून घ्यायचे. एकतीस वर्षांत डॉक्टर काय म्हणाले ते त्यांनी कधी डॉक्टरांना विचारलं नाही, माझ्या तोंडाकडं बघायचे. माझं तोंड बरं असलं की त्यांना बरं वाटायचं. त्या दुपारी ते तसेच बघत होते, एकटक. माझ्या जिवाचं पाणी पाणी झालं होतं आणि मी त्यांच्या कपाळावरचा घाम पुसत हसत होते. आली हं गाडी, म्हणत होते. त्यांना मरताना मी घाबरू दिलं नाही. माझ्या हातात तेवढंच होतं आणि तेवढं मी केलं.

सबनीस उठले. ‘मॅडम, नमूद करतो की याही फोनमध्ये आवाज शांतच आहे. प्रणालीनुसार आकडा तेरा.’

‘बसा, सबनीस,’ अध्यक्षाबाई म्हणाल्या. त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला होता.

निकाल महिन्याभरानं लागला. सेवेतली त्रुटी आणि अनुचित व्यापारी प्रथा, दोन्ही सिद्ध झालं. ग्राहकाच्या आवाजातली भावना मोजून त्यावर गाडी आधी किंवा नंतर सोडणं कंपनीनं बंद करावं, आणि तक्रारदारांना पाठवलेलं पत्र लेखी माफी मागून परत घ्यावं, असा आदेश झाला. माफीचं पत्रही आलं, तसल्याच जाड कागदावर. ऋतुजा नावाच्या त्या पोरीची नोकरी मात्र तोवर गेली होती. फोनवर तिनं मला स्वतःच सांगितलं, आणि वर म्हणाली, ताई, तुम्ही वाईट वाटून घेऊ नका.

पण हे सगळं नंतरचं. त्या दिवशी नोंद ऐकून झाल्यावर आम्ही बाहेर व्हरांड्यात आलो. रेहानाबाई निकालाच्या तारखेचं बघायला परत आत गेल्या. मी भिंतीला टेकून उभी होते. अक्का माझ्याजवळ आल्या. ते पत्र आल्यापासून इतक्या जवळ पहिल्यांदाच. डोळे लाल झाले होते.

‘छाया,’ त्या म्हणाल्या, ‘हे मला आधी सांगायचंस की गं.’

‘काय सांगायचं होतं?’

‘हेच. की तो बघत होता. मला कसं कळणार? त्या कागदावर सरळ छापलेलं होतं. मला वाटलं, मशीन आहे, ते कशाला खोटं सांगेल.’

त्यांनी माझा दंड धरला. मी सोडवून घेतला.

‘अक्का,’ मी म्हटलं, ‘त्या मशीननं माझा दोन मिनिटं आवाज ऐकला होता. तुम्ही मला एकतीस वर्षं ओळखता. तुमच्या सुनेचं बाळंतपण मी माझ्या घरात केलं. तुमचे मालक गेले तेव्हा पहिला फोन तुम्ही मला केला होता, तुमच्या भावाला नाही. म्हणाला होतात, छाया, तू ये, तू आलीस की मला धीर येतो. तेव्हा माझा असाच आवाज तुम्हाला चालला.’

‘चुकलं माझं. पदर पसरते.’

‘पसरू नका. कंपनीचं मी समजू शकते, त्यांना धंदा करायचाय. तुम्हाला काय करायचं होतं? तुम्ही एकदा तरी मला विचारायचं होतं, छाया, तू घाबरली होतीस का? एवढं एकच. सोळा महिन्यांत कुणी मला एवढं एकच विचारलं नाही.’

अक्का रडत होत्या. ‘घाबरली होतीस का?’ त्यांनी अगदी बारीक आवाजात विचारलं.

आणि मग काय झालं ते मलाच कळलं नाही. सत्तावीस वर्षं जे घशाखाली दाबून ठेवलं होतं ते सगळं एकदम वर आलं. मी ओरडले. व्हरांड्याच्या त्या टोकापर्यंत जाईल असं ओरडले.

‘घाबरले होते मी! ऐकू येतंय का आता? मरणाची घाबरले होते, अक्का!’

बाकांवर बसलेली माणसं वळून बघायला लागली. एक बाई उठून उभी राहिली. आतून दार उघडलं, आणि शिपाई बाहेर आला.

‘बाई,’ तो म्हणाला, ‘आत सुनावणी चाललीय. जरा शांतपणे घ्या.’